पन्नास डॉलरचा हॉल आणि वीस बाजूंचा फासा

‘स्ट्रेंजर थिंग्ज’चा पहिला एपिसोड आठवतोय? तळघरात चार मुलं टेबलाभोवती बसलीत. एक जण गोष्ट रंगवून सांगतोय, बाकीच्यांना जाम टेन्शन आलंय आणि सगळं अडलंय ते एका विचित्र आकाराच्या फाशावर. तो खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. त्याच्या बॉक्सवर पहिल्यांदा ज्या दोघांची नावं छापली गेली, त्यातलं एक होतं गॅरी गायगॅक्स. हा माणूस जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण त्याची गोष्ट करिअरच्या टेन्शनमध्ये असलेल्या आपल्यासारख्यांनी एकदा तरी वाचावी अशी आहे.

आधी खेळ काय ते सांगते. यात स्क्रीन नसते आणि बोर्डही लागतोच असं नाही. एक जण गोष्ट चालवतो, तो डंजन मास्टर. बाकीच्यांपैकी कुणी योद्धा होतो, कुणी जादूगार, कुणी चोर. समोर बंद दार आहे. ते तोडायचं की आधी कान लावून ऐकायचं, हे तुम्ही ठरवायचं. जमलं की फसलं, ते फासा ठरवणार. लहानपणी आपण ‘आता मी दुकानदार, तू गिऱ्हाईक’ म्हणत खेळायचो नं? तेच, फक्त नियमांसकट!

शाळा सुटली, खेळ सुटला नाही

गायगॅक्सचा जन्म २७ जुलै १९३८चा, शिकागोतला. वडील स्वित्झर्लंडहून आलेले, व्हायोलिन वाजवणारे. गॅरी आठेक वर्षांचा असताना हे कुटुंब विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावात राहायला गेलं. पत्ते, बुद्धिबळ आणि स्वस्त मासिकांतल्या अद्भुत कथा, हे त्याचं जग. अभ्यासात मात्र मन नाही. वडील गेले आणि त्याने शाळा अर्धवट सोडली. पुढे किरकोळ नोकऱ्या केल्या, लग्न झालं, मुलं झाली आणि शिकागोतल्या एका विमा कंपनीत तो चिकटला.

दिवसा विम्याची कागदपत्रं आणि उरलेल्या वेळात वॉरगेम्स, म्हणजे नकाशावर किंवा खेळण्यातल्या सैनिकांनी जुन्या लढाया पुन्हा लढायच्या. पण असे खेळाडू एका गावात असे किती असणार? ते देशभर विखुरलेले. एकमेकांना पत्रं लिहायचे, पोस्टाने चाली कळवायचे. १९६७मध्ये त्यातले वीसेक जण गॅरीच्या घरी, तळघरात जमले आणि घर कमी पडलं.

मग पुढच्या वर्षी त्याने थेट गावातला हॉर्टिकल्चरल हॉल भाड्याने घेतला. भाडं ५० डॉलर, प्रवेश फी १ डॉलर. सुमारे शंभर लोक आले. नावही खास होतं. युद्धाचे नियम ठरवणारे जिनिव्हा करार म्हणजे इंग्रजीत ‘जिनिव्हा कन्व्हेन्शन’, आणि हे लेक जिनिव्हातलं युद्धखेळांचं कन्व्हेन्शन. म्हणून ‘जेन कॉन’! तिथे ना स्टेज होतं ना सेलिब्रिटी. टेबलं मांडायची, अनोळखी माणसांना खेळायला बसवायचं, नियम समजावायचे, बस्स.

नोकरी गेली, चपला शिवल्या

१९६९च्या जेन कॉनला डेव्ह आर्नेसन नावाचा एकवीस वर्षांचा मुलगा आला. मिनेसोटात कॉलेजला होता, म्हणजे आपल्याच वयाचा. दोघांचं जमलं.

१९७०मध्ये गॅरीची नोकरी गेली. घरात बायको, मुलं. त्याने दुसरी मोठी नोकरी धरण्याऐवजी घराच्या तळघरात बूट-चपला दुरुस्त करायला सुरुवात केली आणि उरलेला वेळ खेळांना दिला. हे वाचताना भारी वाटतं खरं, पण घरी पैशांची ओढाताण होतीच. पॅशन फॉलो करा म्हणणारे हा भाग सहसा गाळतात.

१९७१मध्ये त्याचा आणि जेफ पेरनचा ‘चेनमेल’ हा मध्ययुगीन लढायांचा खेळ आला. शेवटी पुरवणी जोडली होती, त्यात ड्रॅगन आणि जादूगार. तिकडे आर्नेसनने ते नियम उचलून भलतंच काही केलं. प्रत्येकाला सैन्याऐवजी एकच पात्र दिलं, त्यांना किल्ल्याखालच्या भुयारात उतरवलं आणि प्रत्येक खेळागणिक ते पात्र तरबेज होत जाईल अशी सोय केली. १९७२च्या अखेरीस त्याने लेक जिनिव्हाला येऊन हा प्रकार गॅरीच्या टेबलावर खेळून दाखवला.

गॅरीने मग लिहायचा सपाटा लावला. आधी पन्नासेक पानं, मग दीडशे. स्वतःच्या मुलांना भुयारात पाठवून तो नियम तपासत होता. तेव्हाच्या मोठ्या कंपनीने, अ‍ॅव्हलॉन हिलने, नकार दिला. शेवटी १९७३मध्ये त्याने बालमित्र डॉन केबरोबर टीएसआर ही कंपनी काढली. छपाईचे पैसे मात्र ब्रायन ब्लूम या तिसऱ्या भागीदाराने घातले. जानेवारी १९७४मध्ये १,००० प्रती निघाल्या, किंमत १० डॉलर. बॉक्स हातानेच भरलेले. वर्षाच्या आत सगळे संपले. आणि वर्ष संपतंय न संपतंय तोच डॉन के हार्ट अ‍ॅटॅकने गेला, अवघ्या ३६व्या वर्षी.

नाव कुणाचं?

खेळ वाढला तसे प्रश्नही वाढले. ग्रुप प्रोजेक्टमध्ये आयडिया एकाची असते, रात्र जागून रिपोर्ट दुसराच लिहितो आणि मार्कांच्या वेळी भांडण होतं नं? इथेही तेच झालं. नव्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पुस्तकांवर फक्त गायगॅक्सचं नाव आलं. आर्नेसन १९७९मध्ये कोर्टात गेला आणि १९८१मध्ये तडजोड झाली. मला विचाराल तर आर्नेसनशिवाय हा खेळ सुचला नसता आणि गायगॅक्सशिवाय तो मिनेसोटाबाहेर पडला नसता.

१९७९मध्येच मिशिगनमधला एक विद्यार्थी बेपत्ता झाला आणि बातम्यांनी या खेळाकडे बोट दाखवलं. मुलगा सापडला, खेळामुळे तो गेलाच नव्हता. पण हेडलाइन होऊन गेली होती. पुढे कितीतरी वर्षं पालक या खेळाला सैतानी म्हणत राहिले. पत्रकारिता शिकताना हा किस्सा मला जास्त टोचला.

कंपनीतली बहुसंख्य मालकी ब्लूम कुटुंबाकडे गेली होती. त्यांनी आपले शेअर्स १९८५मध्ये विकले आणि सूत्रं दुसऱ्यांच्या हाती गेली. १९८६च्या शेवटी गायगॅक्स स्वतःच काढलेल्या कंपनीतून बाहेर पडला. त्याच्या खेळावर आता त्याचा हक्क नव्हता.

पुन्हा एक हॉल

तो लिहीत राहिला, नवे खेळ काढत राहिला. पहिल्यासारखं यश काही मिळालं नाही. पण लेक जिनिव्हातल्या घरी तो अनोळखी चाहत्यांबरोबरही खेळायला बसायचा. ४ मार्च २००८ला, ६९व्या वर्षी, तो गावातच गेला.

अंत्यविधीनंतर मित्र, नातलग, चाहते गावातल्या एका हॉलमध्ये जमले. बोलता बोलता कुणी टेबलं ओढली, फासे निघाले आणि लोक खेळायला बसले. श्रद्धांजलीची सभा त्यांना अशीच माहीत होती बहुतेक. पुढच्या वर्षीपासून त्याचं ‘गॅरी कॉन’ झालं. ते अजूनही दर वर्षी मार्चच्या सुमारास लेक जिनिव्हात भरतं.

आणि जेन कॉन? ते कधीच त्या गावात मावेनासं झालं. आता इंडियानापोलिसला भरतं आणि साठ हजारांहून जास्त लोक येतात. तरी आत शिरल्यावर चालतं तेच. टेबलाच्या एका बाजूला गोष्ट सांगणारा, समोर पाच-सहा जण, त्यातले निम्मे एकमेकांना आजच भेटलेले.

कंपनी गेली, हक्क गेले, पण लोकांना टेबलाशी बसवायची ती रीत मात्र त्याच्याकडून कुणालाच काढून घेता आली नाही. तुमच्या कॉलेजमध्येही लेक्चरनंतर एखादा वर्ग रिकामा असतोच की. चार जण, कागद-पेन्सिल आणि एक फासा. गोष्ट कोण सांगणार, तेवढं ठरवा!