‘फ्लॉप शो’वाला हिट माणूस

तुमच्या कॉलेजचं शेवटचं गॅदरिंग आठवा. प्रमुख पाहुणे तास-दीड तास उशिरा येतात. मग दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि परिचय. परिचय तर असा लांबतो की पाहुण्यांनाही स्वतःची नव्याने ओळख व्हावी! मागच्या रांगेत तुम्ही काय करत असता? मोबाइल काढून मीम बनवत असता. पाच मिनिटांत ते ग्रुपवर फिरतं, सगळे हसतात, संपलं.

आता जरा १९८९ सालात चला. मोबाइल नाही, इंटरनेट नाही. बहुतेक घरांत दूरदर्शन ही एकच वाहिनी, तीही सरकारी. त्या वाहिनीवर एका माणसाने प्रमुख पाहुणा व्हायच्या हौसेवर अख्खा एक भाग केला होता. पीएचडीच्या विद्यार्थ्यांकडून घरची कामं करून घेणाऱ्या गाईडवर एक, औषधाची खोटी बिलं लावणाऱ्या कर्मचाऱ्यांवर एक आणि मुकाट पडलेल्या टेलिफोनवर एक. मालिकेचं नाव त्यांनी स्वतःच ठेवलं होतं, ‘फ्लॉप शो’. म्हणजे टीकाकारांना करायला कामच उरलं नाही!

या माणसाचं नाव जसपाल भट्टी. तुमच्यातल्या अनेकांनी त्यांना ‘फना’मधला जॉली गुड सिंग म्हणून पाहिलं असेल, पण नाव लक्षात राहिलं नसेल. घरी आई-बाबांसमोर एकदा ‘उलटा पुलटा’ एवढे दोनच शब्द उच्चारून बघा. त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू येईल ना, ती या माणसाची कमाई.

भट्टींचा जन्म ३ मार्च १९५५ चा, अमृतसरचा. शिक्षण चंदीगडच्या पंजाब इंजिनीअरिंग कॉलेजात, शाखा इलेक्ट्रिकल. ही शाखा लक्षात ठेवा, गोष्टीच्या शेवटी ती पुन्हा येणार आहे. इंजिनीअरिंगला गेलेला प्रत्येक जण इंजिनीअरच होतो असं नाही, हे तुम्हाला सांगायला नको. आज स्टँड-अप करणाऱ्यांत, वेबसीरिज लिहिणाऱ्यांत निम्मे तरी इंजिनीअर भेटतात असं आपण गमतीने म्हणतो. भट्टी या रस्त्यावरून कितीतरी आधी गेले होते.

कॉलेजात त्यांनी एक क्लब काढला, नाव ‘नॉनसेन्स क्लब’. ही मंडळी पथनाट्यं करायची. विषय सगळे आजूबाजूचेच. लाचखोरी, सरकारी कचेऱ्यांतले हेलपाटे, पुढाऱ्यांची नाटकं. नेपथ्य नाही, माईक नाही, तिकीट तर नाहीच. रस्त्यावरचा माणूस दोन मिनिटं थांबला तर ठीक, नाही तर तो निघून जाणार. पथनाट्य केलेल्यांना हे माहीत असतं, की समोरचा प्रेक्षक तुमचं काहीही देणं लागत नाही. त्याला पहिल्या मिनिटात पकडावं लागतं. भट्टींचं शिक्षण तिथे झालं.

पुढे ते चंदीगडच्या ‘ट्रिब्यून’ या दैनिकात व्यंगचित्रं काढू लागले. व्यंगचित्र म्हणजे एकच चौकट. त्यात एक माणूस, एखादी वस्तू आणि एक विसंगती, बस. जास्त रेघा मारल्या की विनोद मेला. भट्टींचा पुढचा सगळा प्रवास म्हणजे ही चौकट थोडी थोडी मोठी करत नेणं होतं, असं म्हटलं तर चुकणार नाही.

चौकट पहिल्यांदा मोठी झाली ती ‘उलटा पुलटा’मध्ये. दूरदर्शनवर काही मिनिटांचे छोटे छोटे तुकडे लागायचे. आजच्या भाषेत सांगायचं तर रीलच! एक पगडीवाला, चष्मेवाला साधा माणूस शांतपणे काहीतरी भलतंच सांगायचा. आवाज चढवायचा नाही, तोंड वेडंवाकडं करायचा नाही, स्वतः हसायचा तर मुळीच नाही. जे चुकीचं आहे त्याची तो सरळ चेहऱ्याने तारीफ करायचा. लाच ही किती सोयीची व्यवस्था आहे, हे तो असं पटवून द्यायचा की बघणाऱ्याला आधी हसू यायचं आणि मग थोडी लाज वाटायची.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या काळात हिंदी सिनेमातला सरदार म्हटला की बहुतेक वेळा एक तर ट्रक ड्रायव्हर, नाही तर मोठमोठ्याने हसणारा, टवाळीचा विषय झालेला माणूस. ‘सरदारजी’ विनोदांची पुस्तकं रेल्वे स्टेशनवर विकायला असायची. त्याच काळात पंजाब दहशतवादाने होरपळत होता. अशा वेळी एक शीख माणूस घराघरात येतो आणि लोक त्याला हसत नाहीत, तर तो दाखवतोय त्या गोष्टीला हसतात. बोलून न दाखवता त्यांनी केलेलं हे काम लहान नव्हतं.

मग आला ‘फ्लॉप शो’. लेखन, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका भट्टींची, निर्मिती त्यांच्या पत्नी सविता भट्टी यांची. पडद्यावरही त्या त्यांच्या बायकोच्या भूमिकेत. सोबत विवेक शौक, जो प्रत्येक भागात नवं सोंग घेऊन यायचा. मुंबईचा झगमगाट नाही, मोठे स्टार नाहीत, भपकेबाज सेट नाहीत. शेवटी एखाद्या गाजलेल्या हिंदी गाण्याच्या चालीवर विडंबन. आणि प्रत्येक भाग कोणाला तरी अर्पण केलेला असायचा. अर्थातच, ज्यांची खिल्ली उडवायची त्यांनाच!

एकूण भाग किती असतील या मालिकेचे? शंभर? दोनशे? फक्त दहा. आज एखादी मालिका हजार भाग पूर्ण करते आणि बंद झाल्यावर महिनाभरात विसरली जाते. इथे दहा भागांवर एका माणसाचं नाव तीन दशकांहून अधिक काळ टिकलंय.

असं काय होतं त्या दहा भागांत? पुन्हा त्या पीएचडीच्या गाईडकडे जाऊ. भट्टींना एखादा बिचारा विद्यार्थी होऊन प्रेक्षकांची सहानुभूती मिळवता आली असती. पण अनेकदा ते दुसऱ्या बाजूला उभे राहायचे. पिळवणूक करणारे, पैसे खाणारे, फुकटचं लाटणारे तेच. आणि ते खलनायक वाटायचे नाहीत, शेजारच्या फ्लॅटमधले काका वाटायचे. नेमकी मेख इथे होती. मंत्र्याला शिव्या देणं सोपं असतं, त्यात आपण सगळे एका बाजूला आणि तो दुसऱ्या बाजूला असतो. पण औषधाचं खोटं बिल लावणारा मंत्री नसतो. तो आपल्याच ओळखीतला कोणीतरी असतो. कधी कधी आपल्याच घरातला. भट्टींचा विनोद तुम्हाला सोफ्यावर बसवून हसवायचा आणि हसता हसता सोफ्यासकट पडद्यावर नेऊन ठेवायचा.

दुसरी गंमत म्हणजे हे सगळं सरकारी वाहिनीवर चाललं होतं. सरकारी कचेऱ्यांची खिल्ली उडवण्याचा कार्यक्रम सरकारच्याच दूरदर्शनवर! त्यांनी कोणाचं नाव घेतलं नाही, कोणाला शिवी दिली नाही, कोणाच्या जाती-धर्मावर घसरले नाहीत. तरी सांगायचं ते सांगून झालं. आज विनोद करताना काय बोलावं आणि काय बोलू नये यावर इतके वाद होतात. अशा वेळी हे दहा भाग एकदा बघण्यासारखे आहेत. काही विनोद आज जुने वाटतील. टेलिफोनची लाइन दुरुस्त व्हावी म्हणून घातलेले खेटे तर तुम्हाला परीकथाच वाटेल. पण टेलिफोनच्या जागी दुसरं काही ठेवा, एखादा दाखला ठेवा, एखादी सही ठेवा. बाकी गोष्ट जशीच्या तशी लागू पडते.

नव्वदच्या दशकात केबल आली, वाहिन्या वाढल्या. ‘फुल टेन्शन’, ‘थँक यू जीजाजी’ अशा मालिका भट्टींनी केल्या. पण आता त्यांना चौकट आणखी मोठी करायची होती. १९९९ मध्ये त्यांनी पंजाबी सिनेमा दिग्दर्शित केला, ‘माहौल ठीक है’. विषय पंजाब पोलीस! ज्या राज्याने दहशतवादाची आणि पोलिसी कारवायांची काळी वर्षं नुकतीच सोसली होती, तिथे पोलिसांवर विनोदी सिनेमा काढणं म्हणजे गंमत नव्हती. आणि नाव काय, तर वातावरण ठीक आहे! पुन्हा तोच जुना डाव. जे बिघडलंय ते ठीक आहे असं सरळ चेहऱ्याने म्हणायचं आणि समोरच्याला विचार करायला लावायचं.

त्याच सुमारास हिंदी सिनेमांतही त्यांना छोट्या-मोठ्या भूमिका मिळू लागल्या. ‘आ अब लौट चलें’, ‘हमारा दिल आपके पास है’, मग ‘फना’. त्या भूमिकांमध्ये ते मजा आणायचे. पण खरं सांगायचं तर तिथे ते दुसऱ्याच्या चौकटीतले भट्टी होते, हिरोच्या आजूबाजूचे. जो माणूस स्वतः लिहून, स्वतः दिग्दर्शन करून अख्ख्या देशाला आरसा दाखवत होता, त्याला मुंबईने मुख्यतः गमतीदार सरदाराचंच काम दिलं. २००८ मध्ये ‘नच बलिये’त पती-पत्नी दोघं नाचलेसुद्धा. तेही त्यांनी स्वतःची थट्टा करतच केलं.

त्यांनी चंदीगड सोडलं नाही. शेजारच्या मोहालीत ‘मॅड आर्ट्स’ नावाची संस्था सुरू केली, नव्या मुलांना अभिनय आणि अ‍ॅनिमेशन शिकवलं. आणि कॉलेजातला नॉनसेन्स क्लब? तो शेवटपर्यंत सुटला नाही. हवाला प्रकरण गाजत होतं तेव्हा ‘हवाला पार्टी’, २००९ च्या मंदीत ‘रिसेशन पार्टी’ असे लुटुपुटूचे पक्ष त्यांनी काढले. महागाई वाढली तेव्हा जत्रेतल्यासारखा स्टॉल लावला. भाज्या, डाळी, तेल मांडून ठेवलं आणि लोकांना रिंग टाकायला सांगितलं. रिंग बरोबर पडली तर डाळ तुमची! डाळ आता बक्षिसात ठेवण्याएवढी मोलाची झाली आहे, हे सांगायला त्यांना भाषणाची गरज पडली नाही.

दुसऱ्या सिनेमासाठी मात्र तेरा वर्षं गेली. काही मिनिटांचा चुटका एका कल्पनेवर उभा राहतो. दोन तासांच्या सिनेमाला गोष्ट लागते, पैसा लागतो, थिएटर लागतं. टीव्हीवर ज्यांनी मोजक्या साधनांत कमाल केली, त्यांच्यासाठीही ही उडी सोपी नव्हती. मधल्या काळात, जानेवारी २०११ मध्ये, विवेक शौक गेले. जुनी जोडी तुटली.

२०१२ मध्ये भट्टींचा ‘पॉवर कट’ तयार झाला. विषय, पंजाबात सारखी जाणारी वीज. आपल्याकडे ज्याला भारनियमन म्हणायचे, तेच. हिरोचं नाव करंट आणि हिरॉइनचं नाव बिजली! हिरोच्या भूमिकेत त्यांचा मुलगा. इलेक्ट्रिकलची पदवी घेतलेला माणूस फिरून फिरून अखेर विजेवरच आला होता, फक्त इंजिनीअर म्हणून नाही, दिग्दर्शक म्हणून.

प्रदर्शनाची तारीख ठरली, २६ ऑक्टोबर. प्रचारासाठी टीम पंजाबभर गाडीने फिरत होती, गावोगावी, रात्री-अपरात्री. २५ ऑक्टोबरच्या पहाटे जालंधर जिल्ह्यात शाहकोटजवळ त्यांची गाडी झाडावर आदळली. सोबतचे जखमी झाले, भट्टी गेले. वय ५७. दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे सिनेमा लागला, पण दिग्दर्शक तो लोकांसोबत बसून पाहायला नव्हता. आयुष्यभर विसंगती टिपणाऱ्या माणसाच्या वाट्याला नियतीने किती क्रूर विसंगती ठेवावी!

२०१३ मध्ये सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मभूषण जाहीर केलं. सरकारी कारभाराची इतकी वर्षं टर उडवणाऱ्याला सरकारचाच सन्मान. स्वतः असते तर यावरही त्यांनी एक भाग केला असता, आणि तो अर्पण कोणाला केला असता हे वेगळं सांगायला नको.

आता पुन्हा तुमच्या गॅदरिंगकडे येऊ. मागच्या रांगेत बसून पाहुण्यांवर मीम बनवणं वाईट नाही. भट्टींनी सुरुवात तिथूनच केली होती, कॉलेजातल्या टिवल्याबावल्यांपासून. फक्त पुढच्या वेळी एक करून बघा. मीममध्ये पाहुण्यांच्या शेजारी स्वतःलाही उभं करा. भाषण न ऐकता शेवटी जोरात टाळ्या वाजवणारा कोण असतो? प्रॉक्सी हजेरी लावणारा, मित्राचं जर्नल उतरवून काढणारा, आणि वर देशातल्या भ्रष्टाचारावर तावातावाने बोलणारा कोण असतो? तो सापडला की समजा, तुमच्या ‘फ्लॉप शो’चा पहिला भाग लिहून तयार आहे.