मायकेल फॅरडे : शास्त्रसेवेंतील आनंद

आपल्या मुलास शास्त्र हा विषय घेऊं द्यावा कीं नाहीं, असा विचार करणारे पालक आम्हांस बहुधा एकच प्रश्न विचारतात : यांत पुढें प्राप्ति किती? प्रश्न रास्त आहे. संसार कोणास सुटला आहे? परंतु ज्यांनीं सारें आयुष्य प्रयोगशाळेंत घालविलें, त्यांना तेथें असें काय गवसलें, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे. त्याचें उत्तर मायकेल फॅरडे यांच्या चरित्रांत सांपडतें.

मायकेलचा जन्म ता. २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडनजवळ झाला. बाप लोहार, त्याची प्रकृति नादुरुस्त, आणि घरीं दारिद्र्य. लिहिणें, वाचणें व थोडा हिशेब, एवढ्यावरच मुलाची शाळा संपली. तेराव्या वर्षीं तो एका पुस्तकविक्याच्या दुकानांत पोऱ्या म्हणून राहिला व पुढील वर्षीं तेथेंच पुस्तकबांधणीचें काम शिकूं लागला. बांधावयास आलेलीं पुस्तकें तो वाचीतही असे. ज्ञानकोशाच्या एका खंडांतील विजेवरील लेख असाच त्याच्या हातीं पडला. वाचलेलें खरें कीं खोटें, हें स्वतः पाहिल्यावांचून त्यास चैन पडेना. पैपैसा वांचवून त्यानें लहानसहान साहित्य जमविलें व प्रयोग करून पाहिले. छापील अक्षर आपल्या डोळ्यांदेखत खरें ठरतांना पाहणें, हा त्याचा पहिला आनंद.

इ. स. १८१२ मध्यें एका गिऱ्हाइकानें दिलेल्या तिकिटांवर त्यानें रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें सर हंफ्री डेव्ही यांचीं चार व्याख्यानें ऐकलीं. त्यांचीं टिपणें सुवाच्य अक्षरांत उतरून, आकृत्या काढून व स्वतःच्या हातानें बांधून त्यानें तें पुस्तक डेव्हींकडे पाठविलें. मार्च १८१३ मध्यें त्याच संस्थेच्या प्रयोगशाळेंत त्याला मदतनिसाची जागा मिळाली. पगार आठवड्यास २५ शिलिंग आणि राहावयास माळ्यावरच्या दोन खोल्या.

इ. स. १८२१ मध्यें फॅरडे यांनीं पाऱ्याच्या भांड्यांत उभ्या केलेल्या लोहचुंबकाभोंवतीं वीज वाहणारी तार फिरती करून दाखविली. ती फिरूं लागतांच तिशीचा हा गृहस्थ आपल्या लहान मेहुण्यासह टेबलाभोंवतीं नाचला, असें सांगतात.

पण सर्वच दिवस असे नव्हते. विजेपासून चुंबकत्व मिळतें, तर चुंबकत्वापासून वीज कां मिळूं नये, हा प्रश्न त्यांनीं आपल्या मनाशीं धरला. प्रयोग केले, फळ नाहीं. कांहीं वर्षांनीं पुन्हां केले, फळ नाहीं. अखेर ता. २९ ऑगस्ट १८३१ रोजीं त्यांनीं लोखंडाच्या एका कड्यावर तारेचीं दोन वेगळीं वेटोळीं गुंडाळलीं. एका वेटोळ्यांत वीज सोडतांच दुसऱ्याजवळची सुई हलली व लागलीच स्थिर झाली. प्रवाह तोडतांच ती पुन्हां हलली. ममे तेथेंच होतें : चुंबकत्व स्थिर असतां कांहींच घडत नाहीं, तें बदलत असतां वीज उत्पन्न होते. त्यानंतर दोन महिन्यांच्या आंत, लोहचुंबकाच्या ध्रुवांमध्यें तांब्याची तबकडी फिरवून त्यांनीं अखंड प्रवाहही मिळविला. इ. स. १९१५ मध्यें आमच्या खोपोलीस पाण्याच्या बळावर वीज उत्पन्न होऊं लागली, ती याच तत्त्वावर.

आतां प्राप्तीची गोष्ट. इ. स. १८३० मध्यें कारखानदारांना सल्ला देऊन फॅरडे यांनीं हजार पौंडांवर मिळविले होते. संस्थेचें वेतन मात्र वर्षास १०० पौंड, शिवाय घर, कोळसा व मेणबत्त्या. दोन्ही कामें एका माणसाच्या हातून होण्याजोगीं नव्हतीं. वरील शोधानंतर त्यांनीं बाहेरचें बहुतेक काम सोडलें व संशोधन पतकरलें. पुढें सरदारकी व रॉयल सोसायटीचें अध्यक्षपदही त्यांनीं नाकारलें. गरिबी ज्यानें भोगली आहे, त्याला पैशाचें मोल ठाऊक नव्हतें, असें कोण म्हणेल? तरीही तराजूच्या दुसऱ्या पारड्यांत जें होतें, तें त्यांना अधिक जड वाटलें.

हा आनंद त्यांनीं मुलांपासून लपवून ठेवला नाहीं. नाताळांत मुलांसाठीं त्यांनीं १९ वर्षें व्याख्यानें दिलीं. साध्या मेणबत्तीच्या ज्योतीवरून त्यांनीं बालश्रोत्यांना अवघें रसायनशास्त्र उलगडून दाखविलें. उतारवयांत स्मरणशक्ति क्षीण होत गेली, तेव्हां त्यांनीं एकेक काम शांतपणें खालीं ठेवलें. ता. २५ ऑगस्ट १८६७ रोजीं त्यांचा अंत झाला.

या थोर पुरुषास उच्च गणित येत नव्हतें, हें आमच्या परीक्षार्थी मित्रांनीं ध्यानांत ठेवावें. मात्र प्रत्येक प्रयोगाची नोंद ते काळजीपूर्वक ठेवीत, हेंही विसरूं नये. निसर्गास प्रश्न विचारावा, उत्तर येईपर्यंत धीर धरावा, आणि आलेलें उत्तर, मग तें नकाराचें कां असेना, प्रामाणिकपणें लिहून ठेवावें, यांत त्यांचें सुख होतें. आपला मुलगा घरीं भिंगाशीं किंवा तारेच्या तुकड्याशीं खेळत बसला, तर पालकांनीं त्यास लागलीच उठवूं नये, एवढीच आमची विनंति आहे.