१९ मृत्यू, एक बाटली आणि हाफकिन यांच्यावरचा ठपका

१८९९ मध्ये नाशिकजवळच्या भगूरला प्लेग आला. विनायक दामोदर सावरकरांचे वडील त्यातच गेले. प्लेगवरची लस तेव्हा मुंबईत तयार होत होती. ती शोधणारे होते वाल्डेमार हाफकिन.

१८६० मध्ये ओडेसात एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस शोधली. १८९३ मध्ये ती घेऊन ते भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा सरकारने त्यांना बोलावलं. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी काही महिन्यांतच लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली.

१९०२ मध्ये मात्र घात झाला. पंजाबमधल्या मुलकोवाल गावात एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. चौकशीत ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांचं पद गेलं.

खरं तर बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. शिवाय जंतू मुंबईतच शिरले असते, तर इतक्या दिवसांत बाटलीला घाण वास सुटला असता. तसा वास नव्हता. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी हे लावून धरलं, तेव्हा १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले.

जंतू नेमका आला कुठून? हॉस्पिटलमध्ये संसर्ग पसरला की आजही हाच प्रश्न पडतो. आता रुग्णाच्या शरीरातल्या आणि सलाईन, नळ किंवा उपकरणावर सापडलेल्या जंतूंचा जीनोम, म्हणजे डीएनएची अक्षरं, वाचून ताडून पाहतात. लाखो अक्षरांत मोजकेच फरक निघाले, तर उगम एकच असण्याची शक्यता दाट. फरक भरपूर असतील, तर शोध दुसरीकडे. पण त्यासाठी दोन्हीकडचे नमुने जपलेले हवेत.

हाफकिन यांच्या काळात ही सोय नव्हती. निर्दोष ठरूनही त्यांना मुंबईची प्रयोगशाळा परत मिळाली नाही. १९१४ मध्ये ते कलकत्त्यातून निवृत्त झाले. १९२५ मध्ये परळच्या त्याच संस्थेला हाफकिन यांचं नाव मिळालं. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यांचं निधन झालं.