सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला, त्याच कमलाबाईंनी बटाट्यात पेशीच्या श्वासाची एक कडी शोधली

हृदयासाठी चांगल्या म्हणून अँटीऑक्सिडंटच्या गोळ्या मेडिकलमध्ये भरपूर खपतात. पण त्यांचा खरंच उपयोग होतो का? हे समजायचं तर आधी पेशी ऑक्सिजनचं काय करते, ते बघावं लागतं. नेमकं तिथेच एका मराठी बाईने काम करून ठेवलंय. त्यांचं नाव कमला सोहोनी.

माहेरच्या त्या भागवत. जन्म इंदूरचा. लेखिका दुर्गा भागवत त्यांच्या थोरल्या बहीण, तर वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्रज्ञ. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झाल्यावर कमलाबाईंनी बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. तेव्हा तिथे संचालक होते सी. व्ही. रामन. मुलगी आहे म्हणून त्यांनी नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला, पण वर्षभर काम बघून मगच तो पक्का होणार, या अटीवर. दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर त्यांनी असं काम केलं की रामन यांचंही मत बदललं.

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींमध्ये सायटोक्रोम सी सापडलं. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे पोहोचवणाऱ्या साखळीतली ही एक कडी. आपल्या पेशींमध्येही ती असते. १९३९ मध्ये त्यांना पीएचडी मिळाली.

आता हृदयाशी याचा संबंध काय? या साखळीतून काही इलेक्ट्रॉन मध्येच निसटतात आणि ऑक्सिजनला चिकटतात. त्यातून फ्री रॅडिकल्स तयार होतात. ते फार वाढले की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरलेलं वाईट कोलेस्टेरॉल त्यामुळे आणखी बिघडतं आणि तिथे थर साचायला लागतो.

कमलाबाईंनी स्वतः हृदयरोगावर काम केलं नाही. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी अभ्यास केला नीरेचा. त्यात लोह आणि क जीवनसत्त्व असल्याचं दाखवलं. क जीवनसत्त्व हे अँटीऑक्सिडंटच. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे ग्राहक चळवळीत येऊन त्यांनी लोकांना अन्नातली भेसळ ओळखायला शिकवलं. १९९८ मध्ये त्यांचं निधन झालं.

गोळ्यांचा निकाल त्यानंतर लागला. २००० मध्ये होप नावाच्या चाचणीत साडेनऊ हजार जणांवर ई जीवनसत्त्व तपासलं गेलं. हार्ट अटॅक काही कमी झाले नाहीत. २००२ मध्ये ब्रिटनमधल्या वीस हजार रुग्णांना ई, क आणि बीटा कॅरोटीन पाच वर्षं दिलं. तरीही फरक पडला नाही.

म्हणजे फ्री रॅडिकल्सचं विज्ञान खरं, पण गोळी घेतली की हृदय वाचतं हा दावा टिकला नाही. त्यामुळे फळं-भाज्या जरूर खा, पण बीपी आणि कोलेस्टेरॉलची डॉक्टरांनी दिलेली औषधं बंद करून या गोळ्यांवर विसंबू नका.