कुंचल्याचा धनी : औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी

(द्वितीय वर्ष, कला)

संस्थानिक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? हत्ती-घोडे, शिकारीत मारलेल्या वाघाच्या छाताडावर ठेवलेला पाय, विलायतेच्या वाऱ्या आणि रयतेच्या पैशावर चाललेली चैन. असे संस्थानिक पुष्कळ होऊन गेले. त्यांची नावे आज कुणाच्या लक्षातही नाहीत. परंतु आपल्याच सातारा-सांगलीच्या मातीत एक राजा असा होऊन गेला की ज्याने बंदुकीपेक्षा कुंचला अधिक प्रेमाने हाती धरला. तो राजा म्हणजे औंधचे श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. त्यांचे घराणे मूळचे किन्हईचे. छत्रपती राजाराम महाराज जिंजीला होते त्या बिकट काळात 'प्रतिनिधी' हे पद निर्माण झाले, आणि पुढे परशुराम त्रिंबक यांच्या कर्तबगारीमुळे ते याच घराण्यात वंशपरंपरेने राहिले. बाळासाहेबांचे शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झाले. राजघराण्यातील मुले त्या काळी परीक्षेच्या भानगडीत फारशी पडत नसत. बाळासाहेबांनी मात्र रीतसर बी. ए. ची पदवी मिळवली आणि पुढे आयुष्यभर आपल्या नावापुढे ती अभिमानाने लावली. १९०९ साली ते औंधच्या गादीवर आले तेव्हा चाळिशी ओलांडून गेली होती.

संस्थान तरी केवढे? अवघी बहात्तर गावे, आणि तीही सलग नव्हेत. फाटक्या वाकळेला इकडे-तिकडे ठिगळे लावावीत तसा सगळा प्रकार! औंध सातारा जिल्ह्यात खटावच्या बाजूला, कुंडल कृष्णाकाठाकडे, आटपाडी माणदेशाच्या माळावर, तर गुणदाळ पार विजापूरकडे. आज यातील कुंडल आणि आटपाडी सांगली जिल्ह्यात आहेत. उत्पन्न बेताचे, पाऊस त्याहून बेताचा. मोठमोठ्या संस्थानांच्या तुलनेत औंध म्हणजे समुद्राशेजारचे डबकेच. पण याच डबक्यात कमळ उगवले.

चित्रकलेचा नाद बाळासाहेबांना लहानपणापासून होता. त्यांच्या उमेदीच्या काळात राजा रविवर्म्यांच्या चित्रांनी सारा देश भारून गेला होता. १८९४ साली रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती गोरगरिबांच्या भिंतीवर येऊन बसल्या. देव पाहायला देवळातच गेले पाहिजे असे उरले नाही. ज्यांना देवळाच्या पायरीवरही उभे राहू देत नसत त्यांच्याही झोपडीत देवाची तसबीर आली, ही केवढी मोठी गोष्ट! छापलेल्या चित्राची ही ताकद बाळासाहेबांनी नेमकी ओळखली. १९१६ साली त्यांचे 'चित्ररामायण' प्रसिद्ध झाले. रामकथेतील एकेक प्रसंग त्यांनी स्वतः रंगवला आणि तो ग्रंथरूपाने लोकांपुढे ठेवला.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. बाळासाहेब नुसते चित्रकार नव्हते, ते कीर्तनकारही होते. राजा स्वतः उभा राहून कीर्तन करतो, हे दृश्य आज डोळ्यांपुढे आणले तरी नवल वाटते. कीर्तनकाराला समोरच्या माणसाच्या मनात प्रसंग उभा करावा लागतो. आख्यान रंगले नाही तर माणसे उठून जातात. राजा असला म्हणून काय झाले, मनातून तरी ती उठतातच. मला वाटते, बाळासाहेबांची चित्रकला ही त्यांच्या कीर्तनाचीच सख्खी बहीण होती. दोन्हींचा हेतू एकच, की कथा ज्याला वाचता येत नाही त्याच्यापर्यंतही ती पोचावी.

पण कलावंत एका जागी थांबला तर तो संपला. बाळासाहेब थांबले नाहीत. १९१८ साली त्यांनी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरापुढे महाभारताच्या सचित्र, संशोधित आवृत्तीची कल्पना मांडली आणि त्या कामासाठी एक लाख रुपयांची देणगी जाहीर केली. त्या काळचे एक लाख, आणि तेही बहात्तर गावांच्या संस्थानाकडून! १९१९ साली काम सुरू झाले. हिंदुस्थानभरच्या हस्तलिखित पोथ्या गोळा करून, त्यांतील ओळ न् ओळ ताडून, मूळ महाभारत कसे असेल ते शोधण्याचा हा प्रचंड उद्योग १९६६ साली पुरा झाला. डॉ. वि. स. सुखटणकरांसारख्या विद्वानाने त्यासाठी आयुष्य वेचले. या आवृत्तीतील चित्रे काढण्याचे काम बाळासाहेबांनी आपल्याकडे घेतले.

आणि खरा पेच येथेच आला. पंडित लोक शब्द शोधून काढणार, मग चित्रकाराने मनाला येईल ते काढून कसे चालेल? द्रौपदीला नऊवारी नेसवायची काय? अर्जुनाच्या डोक्यावर पेशवाई पगडी ठेवायची काय? नाटक कंपन्यांनी देव-दानवांना जे कपडे घातले, तेच खरे म्हणून आपण डोळे मिटून मान्य केले होते. बाळासाहेबांनी ही वाट सोडली. प्राचीन शिल्पे आणि लेण्यांतील चित्रे हाच आधार धरून त्यांनी वेशभूषा, अलंकार, आयुधे ठरवली. पंडितांनी पोथी ताडून पाहावी तशी त्यांनी चित्रातील एकेक वस्तू दगडातल्या पुराव्याशी ताडून पाहिली. त्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावरही प्राचीन नमुन्यांवरून चित्रे काढली असल्याचा स्पष्ट उल्लेख आहे. वेरूळ आणि अजिंठा येथील लेण्यांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. १९२९ साली वेरूळवर आणि १९३२ साली अजिंठ्यावर त्यांची पुस्तके निघाली. पन्नाशी उलटून गेल्यावर, हात एका वळणावर बसलेला असताना, पुन्हा विद्यार्थी होऊन वही-पेन्सिल घेऊन लेण्यांत बसायचे, याला छंद म्हणत नाहीत. याला साधना म्हणतात.

शिस्त हा त्यांच्या जीवनाचा पाया होता. रोज पहाटे सूर्यनमस्कार, हा नेम त्यांनी म्हातारपणीही मोडला नाही. स्वतः घातले आणि संस्थानातील शाळांतूनही मुलामुलींना घालायला लावले. १९३८ साली त्यांचे सूर्यनमस्कारांवरचे इंग्रजी पुस्तक लंडनहून निघाले. आज जगभर योगाच्या वर्गातून सूर्यनमस्कार घातले जातात. त्यामागे औंधच्या या राजाची खटपट आहे हे किती जणांना ठाऊक असते?

गुणी माणसे हुडकण्याची नजरही त्यांच्यापाशी होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवावा लागला तेव्हा बाळासाहेबांनी त्यांना कुंडलजवळचा ओसाड माळ दिला. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. हे लक्ष्मणरावही मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी. रंग नीट ओळखता येईनात म्हणून त्यांना ती वाट सोडावी लागली होती. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले चित्रकार. ते वेदांकडे वळले आणि १९१८ च्या सुमारास औंधला येऊन राहिले. ज्याला राहायला जागा नाही त्याला औंधात जागा होती.

आता थोडे माझ्याविषयी. मी आटपाडी तालुक्यातल्या एका वाडीची. माझे पणजोबा औंध संस्थानची रयत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील गलाईच्या कामासाठी परराज्यात असतात. सोने-चांदी गाळण्याच्या भट्टीपुढे बसून त्यांच्या बोटांची कातडी जळून गेली आहे. मी शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा दोन्ही परीक्षा दिल्या. आता बी. ए. नंतर पुढे चित्रकलाच शिकायची असे माझ्या मनात आहे, तर घरातले म्हणतात की चित्रे काढून कुणाचे पोट भरले आहे? स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भर. त्यांचे चुकते असे मला म्हणवत नाही. ज्याने भट्टीपुढे बसून फी भरली त्याला हा प्रश्न विचारण्याचा हक्क आहे.

म्हणूनच बाळासाहेबांचे चरित्र वाचताना माझ्या मनात सारखा एक विचार येत होता. ते राजे होते. रंग महाग झाले म्हणून त्यांच्या घरची चूल विझणार नव्हती. मग त्यांच्या उदाहरणाचा माझ्यासारखीला काय उपयोग? राजाने चित्र काढले तर ते कौतुक, आणि मेंढक्याच्या पोरीने काढले तर तो रिकामा उद्योग, असेच ना?

याचे उत्तर मला त्यांच्या चित्रांत नाही, तर त्यांनी चित्रांचे काय केले यात सापडले. आयुष्यभर त्यांनी पै-पै वेचून कलावस्तू जमवल्या. राजा रविवर्मा, धुरंधर यांची चित्रे, राजस्थानी, पहाडी आणि मोगल शैलीतील लघुचित्रे, हस्तिदंतावरील कोरीव काम, पाश्चात्त्य शिल्पांच्या प्रतिकृती असे किती म्हणून सांगावे! हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचे माता आणि मूल हे शिल्पही औंधात आहे. हे सारे त्यांनी वाड्याच्या दिवाणखान्यात कुलूप लावून ठेवले नाही. १९३८ साली यमाईच्या डोंगराच्या वाटेवर श्रीभवानी चित्रसंग्रहालय उभारले आणि ते लोकांना खुले केले. जागा पाहा कशी निवडली! देवीला जाणारा भाविक, डोईवर गाठोडे, पायात वहाणा, तो जाता जाता आत शिरणार आणि जगातले उत्तमोत्तम चित्र पाहणार. वरून येणाऱ्या उजेडात चित्रे न्याहाळता यावीत अशी त्या दालनांची रचना आहे. मुंबई-पुण्याची वाट न धरता माणदेशी शेतकऱ्याला रविवर्मा पाहायला मिळाला, तो या राजामुळे.

आणि ज्या वर्षी त्यांनी चित्रे लोकांच्या हवाली केली, त्याच सुमारास राज्यही हवाली करण्याचे त्यांनी ठरवले. मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनियरची कल्पना, चिरंजीव बॅरिस्टर आप्पासाहेब पंतांची खटपट आणि महात्मा गांधींचे मार्गदर्शन यांतून औंधची नवी घटना तयार झाली. २१ जानेवारी १९३९ रोजी ती अमलात आली आणि कारभार ग्रामपंचायतींच्या हाती गेला. देश स्वतंत्र व्हायला अजून आठ वर्षे होती! त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. खुनासारख्या गुन्ह्याची शिक्षा झालेले कैदी तेथे भिंतीवाचून, बेडीवाचून शेती करून राहू लागले. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला, आणि त्याची कथा लिहिली आमच्या माडगूळच्या ग. दि. माडगूळकरांनी.

मी बाळासाहेबांना देव मानत नाही. त्यांच्या राज्यातही जातीपाती होत्या, वाडे होते आणि वाड्यांबाहेरच्या वस्त्याही होत्या. शंकरराव खरातांचे 'तराळ-अंतराळ' वाचले की आटपाडीच्या महारवाड्यात जन्मलेल्या मुलाने काय सोसले ते कळते. राजाच्या एका सहीने ते दुःख पुसले गेले नाही. चित्रकार म्हणूनही त्यांच्यापेक्षा थोर चित्रकार महाराष्ट्रात झाले. पण हेही खरे की तेच खरात औंधच्या शाळेत शिकले, पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९८४ च्या जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. माडगूळकरही औंधच्या शाळेतलेच. ते १९७३ च्या संमेलनाचे अध्यक्ष. आणि १९३५ च्या इंदूरच्या संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले होते स्वतः बाळासाहेबांनी. राजा ज्या खुर्चीवर बसला त्याच खुर्चीवर त्याच्या रयतेची मुले बसली! चित्ररामायणाच्या गावी शिकलेल्या मुलाने पुढे १९५५ साली गीतरामायण महाराष्ट्राच्या घराघरांत पोचवले, याला नुसता योगायोग म्हणावे असे मला तरी वाटत नाही.

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेबांनी जगाचा निरोप घेतला. राज्य गेले, संग्रहालय राहिले. सनदा गेल्या, चित्रे राहिली.

चित्रे काढून पोट भरते का, या घरच्या प्रश्नाला बाळासाहेबांच्या चरित्रात उत्तर नाही. ते मला माझ्या हाताने शोधावे लागेल. कदाचित एखाद्या शाळेत चित्रकलेची शिक्षिका होऊन मिळेल, कदाचित आणखी काही वर्षे वाट पाहावी लागेल. पण चित्र ही श्रीमंतांची चैन आहे, आपल्यासारख्यांचे ते काम नव्हे, असे यापुढे कुणी म्हणाले तर मी त्यांना यमाईच्या डोंगराची वाट दाखवीन. तेथे जे टांगले आहे ते एका राजाने आपल्या सगळ्यांसाठी टांगले आहे. आपल्या कॉलेजच्या मित्रमैत्रिणींनी सहलीला दूर कोठे जाण्याआधी एकदा औंधला जाऊन यावे, एवढीच विनंती.

अशा या कलावंत राजाला माझे विनम्र अभिवादन!