कृषकांचे कैवारी डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख

देवाच्या कृपेने व आपणा सर्वांच्या सहकार्याने आपल्या मंदिराचा जीर्णोद्धार पूर्ण झाला. या मंगल प्रसंगी, देवळाची दारे सर्वांना उघडी व्हावीत आणि देवाच्या दारचे धन रयतेच्या मुलांच्या शिक्षणाला लागावे म्हणून झटलेल्या एका थोर शेतकरीपुत्राचे स्मरण करणे उचित होईल.

भाऊसाहेबांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात, शामराव व राधाबाई या शेतकरी दांपत्याच्या पोटी झाला. मूळ आडनाव कदम. पापळ, चांदूर रेल्वे, कारंजा, अमरावती व पुणे येथे शिक्षण घेऊन १९२० साली ते विलायतेस गेले. तेथे ते बॅरिस्टर झाले आणि वेदवाङ्मयातील धर्म या विषयावर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेटही मिळविली. १९२६ साली ते मायदेशी परतले.

त्या काळी वऱ्हाडात कापूस पिकविणारा कुणबी सावकाराच्या कर्जात बुडालेला होता. ज्याला अक्षरओळख नाही, तो कागदावर काय लिहिले आहे हे न कळताच अंगठा उठवी, आणि पुढे त्याच कागदापायी शेत गमावून बसे. म्हणून शिक्षण आणि संघटना ही दोन्ही कामे भाऊसाहेबांनी एकदमच हाती घेतली. त्यांनी मुष्टी फंड सुरू केला. घरोघरच्या मूठ मूठ धान्यातून खेड्यातील गरीब मुलांची सोय व्हावी, ही त्यामागील कल्पना. त्यातूनच अमरावतीस सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय उभे राहिले. १९२७ साली त्यांनी शेतकरी संघ स्थापन केला व पुढे त्याच्या प्रचारासाठी ‘महाराष्ट्र केसरी’ हे पत्र चालविले. विदर्भातील शेतकरी चळवळीचा पाया असा घातला गेला.

त्याच वर्षी अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्य बांधवांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ झाली. नोव्हेंबरमध्ये भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते आणि भाऊसाहेब त्या कामी अग्रभागी उभे राहिले. वेदांचा अभ्यास केलेला हा विद्वान, देवाच्या दारात भेद नसावा असे मानणारा होता. १९२८ साली जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष होताच त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या व प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्यावर भर दिला.

१९३० साली ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळावर निवडून आले व मंत्री झाले. मंदीने कापसाचे भाव कोसळले होते. कर्जदार शेतकरी व सावकार यांच्यात लवादामार्फत तडजोड करणारा कायदा १९३३ साली झाला. त्यामागे भाऊसाहेबांची खटपट होती. १९३२ सालीच त्यांनी हिंदू देवस्थान संपत्ती विधेयक मांडले होते. देवस्थानांकडील संपत्ती नुसती पडून न राहता लोकांच्या शिक्षणादी कामी यावी, हा त्याचा आशय. अनेकांना हा विचार रुचला नाही, तरी भाऊसाहेबांनी तो निर्भयपणे मांडला. त्याच सुमारास स्थापन झालेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांतून बहुजन समाजाच्या पिढ्या शिकून बाहेर पडल्या.

पुढे ते घटना समितीचे सभासद झाले. १९५२ ते १९६२ या काळात केंद्र सरकारात मंत्री म्हणून त्यांनी शेतीचे काम पाहिले. १९५५ साली भारत कृषक समाज स्थापन केला. १९५९ साली दिल्लीत भरलेले जागतिक कृषी प्रदर्शन त्यांच्याच पुढाकाराचे फळ होय. १० एप्रिल १९६५ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. अकोल्याचे कृषी विद्यापीठ आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

बंधु-भगिनींनो, आपल्या या मंदिरालाही कोणी रोख रक्कम दिली, कोणी धान्य दिले, तर कोणी अंगमेहनत केली. मुष्टी फंडाची रीत हीच होती. मंदिर पूर्ण झाले, तरी दानपेटीत पैसा पडतच राहणार. त्यातील काही वाटा दरवर्षी गावातील गरजू मुला-मुलींच्या वह्या-पुस्तकांसाठी व फीसाठी बाजूला काढावा, आणि त्याचा हिशेब उत्सवाच्या दिवशी सर्वांसमक्ष वाचून दाखवावा, अशी ग्रामस्थांना व देणगीदारांना नम्र विनंती आहे. भाऊसाहेबांना वाहिलेली ती खरी श्रद्धांजली ठरेल, आणि देवालाही ही सेवा निश्चितच रुजू होईल.