विश्लेषण : दरड का कोसळते, याचे गणित मांडणारे कार्ल टेरझागी

जुलैचा पाऊस लागून राहिला की माणगावहून ताम्हिणी घाटात जाणाऱ्यांची आणि शेजारच्या महाड-पोलादपूरच्या डोंगरकुशीतील वाड्यांची धाकधूक वाढते. २००५ च्या जुलैमध्ये महाड तालुक्यातील दासगाव आणि जुई, २२ जुलै २०२१ रोजी तळिये, तर १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. एकट्या तळियेत ८० हून अधिक जणांचा जीव गेला. पाऊस तर दरवर्षीच पडतो, मग पिढ्यान्‌पिढ्या उभा असलेला उतार काही क्षणांत का सरकतो? याचे शास्त्रीय उत्तर देणारे अभियंते म्हणजे ‘मृदा यांत्रिकीचे जनक’ कार्ल टेरझागी.

कोण होते टेरझागी?

त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८८३ रोजी प्रागमध्ये, लष्करी अधिकाऱ्याच्या घरात झाला. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे त्यांनी यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. मात्र ओढ भूगर्भशास्त्राची होती. बांधकामांवर काम करताना त्यांना एक गोष्ट खटकत होती. पोलाद किंवा काँक्रीट किती भार पेलेल हे मोजता येत होते. माती मात्र अनुभवावर आणि अंदाजावर सोडलेली होती.

शोध कसा लागला?

१९१६ मध्ये ते इस्तंबूलला शिकवायला गेले. महायुद्ध संपल्यावर तेथील नोकरी गेली आणि ते रॉबर्ट कॉलेजमध्ये रुजू झाले. हाताशी पैसा नव्हता, म्हणून टाकाऊ वस्तूंमधून उपकरणे जुळवून त्यांनी मातीवर प्रयोग केले. त्यातूनच १९२५ चा त्यांचा मृदा यांत्रिकीवरील जर्मन ग्रंथ आकाराला आला आणि नवी ज्ञानशाखा उभी राहिली.

सिद्धान्त काय सांगतो?

भिजलेल्या जमिनीतील भार दोघे वाटून घेतात : मातीचे कण आणि कणांमधील पोकळ्यांत साठलेले पाणी. उतार टिकतो तो मुख्यतः कणांमधील घर्षणामुळे. समजा, एकूण दाब १०० आहे. त्यातील २० पाण्याने घेतला, तर कणांवर ८० उरतो. पावसाने पाण्याचा दाब ६० वर गेला, तर कणांवर ४० च राहतो. पकड सुटते आणि उतार सरकतो. पाण्यामुळे माती निसरडी होते म्हणून दरड कोसळते, हा समज टेरझागी यांनी १९५० मधील निबंधात खोडून काढला.

भूकंपाशी संबंध काय?

पाण्याने भरलेली सैल वाळू हादरली की पोकळ्यांतील पाण्याचा दाब एकाएकी वाढतो आणि जमीन द्रवासारखी वागू लागते. २००१ च्या भूकंपात कच्छच्या रणात जमिनीतून वाळू-पाणी उसळले, ते यामुळेच.

पुढे काय झाले?

अमेरिकेतील एमआयटी, मग व्हिएन्ना आणि नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर १९३८ पासून हार्वर्ड, असा त्यांचा प्रवास झाला. केवळ कागदावरच्या आकडेमोडीवर त्यांचा विश्वास नव्हता. काम सुरू असताना जमिनीच्या हालचाली मोजायच्या आणि गरज पडल्यास आराखडा बदलायचा, हा त्यांचा आग्रह होता. ९ ऑक्टोबर १९६३ रोजी इटलीत वायोंट धरणाच्या जलाशयात डोंगर कोसळून सुमारे २००० लोक मेले. त्यानंतर १६ दिवसांनी, २५ ऑक्टोबरला टेरझागी यांचे निधन झाले. कॅनडातील एका धरणाला त्यांचे नाव देण्यात आले.

रायगडसाठी धडा कोणता?

कोकणात अनेक ठिकाणी बेसॉल्ट खडकावर झिजलेल्या मातीचा जाड थर असतो. मुरलेले पाणी खडकावर अडले की मातीतील दाब वाढतो. त्यामुळे संरक्षक भिंतीइतकेच महत्त्व पाण्याला वाट करून देण्याला आहे. डोंगरमाथ्यावर चर काढून पाणी वळवणे, उतारात निचऱ्याचे पाइप बसवणे, भिंतीतील छिद्रे बुजू न देणे ही कामे पावसाआधी व्हायला हवीत. उतारावर नवी भेग, कललेली झाडे किंवा खांब, झऱ्याचे अचानक गढूळ झालेले पाणी दिसले, तर पाऊस थांबण्याची वाट न पाहता घर सोडणे हाच शहाणपणा.